नॅस्टीची सातवी सही

काळगे टेलर बुधवारी वर्गात आला तेव्हा त्याचा डावा गाल चांगलाच सुजलेला होता. तो थेट सरांच्या टेबलापाशी गेला आणि वही उघडून समोर धरली. मैंदर्गीकर सरांनी चष्मा वर सरकवला आणि वाक्य मोठ्याने वाचलं.

"यू आर अ नॅस्टी मॅन. कोणास उद्देशून : मेहुणे. सही : आहे." सरांनी मान वर करून गालाकडे पाहिलं. "काळगे, सही आधी मिळाली की हे आधी?"

"सही आधी, सर. अर्थ त्यांनी मागनं इचारला."

"आणि तुम्ही सांगितलात?"

"नियम हाय न्हवं. इचारला की खरा सांगायचा."

"शाब्बास!" सर उभेच राहिले. "तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण सही आणि शिक्का दोन्ही घेऊन येणारा विद्यार्थी आज पहिल्यांदा पाहिला."

आम्ही बाकीचे तेराजण हसलो. काळगेही हसायला गेला, पण गाल दुखला म्हणून राहिला.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालची, आष्ट्याची. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. हायस्कुलातून निवृत्त झालेले मैंदर्गीकर सर वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलायचा वर्ग चालवायचे. शिंपी, कंपाउंडर, स्टॅम्प विकणारे एक आजोबा, दोन मास्तरणी आणि मी, असे आम्ही चौदाजण होतो. सरांची पद्धत जगावेगळी होती. आठवड्याला फक्त एक शब्द. तो घोकायचा नाही, वापरायचा. रोज एका जित्याजागत्या माणसाला त्या शब्दाचं एक खरं वाक्य ऐकवायचं, वहीत लिहायचं आणि ज्याला ऐकवलं त्याची सही घ्यायची. सात दिवस, सात सह्या. त्याने अर्थ विचारला तर मराठीत खराखुरा अर्थ सांगायचा. नाही विचारला तर आपण होऊन सांगायची सक्ती नाही.

सहाव्या आठवड्याचा शब्द होता डिलिशस. तो आठवडा संपल्यावरच्या सोमवारी सरांनी सगळ्या वह्या तपासल्या आणि धाडकन टेबलावर आपटल्या.

"चौदा वह्या, अठ्ठ्याण्णव वेळा डिलिशस! पिठलं डिलिशस, गवार डिलिशस, शंकरराव, तुमच्याकडे तर दवाखान्यातलं मिक्श्चरसुद्धा डिलिशस. या गावात एक तर सगळे बल्लवाचार्य आहेत, नाहीतर तुम्ही सगळे अट्टल खोटारडे आहात. गोड बोलायला तुम्हाला इंग्रजी कशाला हवं? त्याला मराठी पुरते की!"

आणि त्यांनी फळ्यावर सातवा, शेवटचा शब्द लिहिला. नॅस्टी.

"कॉडलिव्हर तेलाची चव नॅस्टी. उंदीर मेलेल्या कपाटाचा वास नॅस्टी. पिकलेली जखम नॅस्टी आणि पाठीमागे कुजकं बोलणारा माणूसही नॅस्टी. आपण या प्रत्येकाला निराळा शब्द काढतो. इंग्रज कामाचा माणूस, त्याने एकातच भागवलं."

"मग सर, बॅड आणि यात फरक काय?" मी विचारलं.

"बॅड म्हणजे नुसतं वाईट. कापड वाईट निघालं तर ते ट्रंकेत पडून राहतं, तुमचं काही बिघडत नाही. नॅस्टी जवळ आलं की माणूस नाक वळवतो, मागे सरकतो. अंग शहारलं की समजायचं, इथे नॅस्टी. आणि हे बघा, हवा नॅस्टी, रस्ता नॅस्टी असली पळवाट चालणार नाही. हवेबद्दल बोलणार असाल तर हवेची सही आणा. ज्याची वस्तू, त्याच्याच तोंडावर."

 स्टॅम्पवाले आजोबा म्हणाले, "सर, या वयात मी दुसरं घर कुठं शोधू?"

मला या वर्गात घातलं होतं माझ्या सासऱ्यांनी. केशवराव गुरसाळे, निवृत्त पोस्टमास्तर. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मी मामंजी म्हणायची. सून संध्याकाळची वही घेऊन बाहेर जाते म्हणून गल्लीत कुजबूज झाली, तेव्हा मामंजी स्वतः चार दिवस मला वर्गाच्या दारापर्यंत सोडायला आले होते, मुद्दाम भर रस्त्याने, हळूहळू चालत. "घरात एकाला तरी धडपणे इंग्रजी बोलता आलं पाहिजे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्यांचं स्वतःचं इंग्रजी तारेचं होतं. मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली, एवढ्यात त्यांचं चाळीस वर्षं भागलं होतं. पण वाचलेला शब्द ते विसरत नसत. माझ्या वडिलांनीही माझे इतके लाड केले नव्हते. या माणसाचं मन आपल्या हातून कधी दुखावू नये, एवढी एकच गोष्ट मी त्या घरात आल्यापासून जपत होते.

तर मी सोमवारपासून सह्या गोळा करायला लागले.

पहिली सही नवऱ्याची. आमचे हे, मुरलीधर, साखर कारखान्यावर वजनकाट्याला होते. मळीच्या वासाचे मोजे घालून घरी आले की मांजर बाहेर जायचं. मी वही पुढे केली आणि म्हटलं, "युअर सॉक्स आर नॅस्टी." दिवसभर उसाच्या गाड्यांच्या चिठ्ठ्यांवर सह्या करणारा माणूस, त्यांनी न वाचता सही ठोकली आणि वर वेळही टाकली.

दुसरी शेजारच्या इंदूताईंची. त्यांच्या घरात पहाटे पाचला पेटी सुरू व्हायची. मी भीतभीत म्हटलं, "युअर हार्मोनियम इज नॅस्टी." त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला : ऐकलं की अंगावर शहारे येतात.

"मग मला काय येत न्हाईत व्हय?" इंदूताई म्हणाल्या. "पेटी यांची. अठरा वर्षं ऐकतीया मी. आण ती वही हिकडं." आणि सही करताना त्यांनी पेन इतकं दाबलं की पुढच्या तीन पानांवर उमटलं.

तिसरी आमच्या वन्संची. प्रमिलावन्सं यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, गावातच दिलेल्या, जिभेने तिखट. "युअर टंग इज नॅस्टी," मी एका दमात म्हटलं आणि अर्थही सांगून टाकला. त्या खूश झाल्या. "पैल्यांदा कुणीतरी तोंडावर बोललं बघ," म्हणाल्या, आणि माहेरचं नाव, सासरचं नाव, पत्ता सगळं लिहून सही केली.

रोज संध्याकाळी मामंजी ओट्यावर माझी वाट बघत बसलेले असत. "आज कोण सापडलं, सूनबाई?" मी वाचून दाखवायची आणि ते खोकला येईपर्यंत हसायचे. काळगेच्या गालाची हकिगत तर त्यांनी माझ्याकडून तीन वेळा सांगून घेतली. शुक्रवारपर्यंत माझ्या पाच सह्या झाल्या होत्या. सगळं कसं मजेत चाललं होतं.

शनिवारी सकाळी मामंजींनी चहा पिताना जाहीर केलं, "उद्या संध्याकाळी तुमच्या वर्गाचा समारोप आहे ना? सरांना सांगून आलोय. येणाऱ्या सगळ्यांना आपल्याकडून खीर. शेपूची."

यांनी चहा अर्धाच टाकून कप खाली ठेवला.

आता ही खीर काय होती ते सांगायला हवं. शेपू म्हणजे शेपूच, ती उग्र वासाची पालेभाजी, मुगाची डाळ घालून करतात ती. तिची खीर. दुधात, गूळ घालून. माझ्या सासूबाईंचा, सुमित्राबाईंचा हा स्वतःचा शोध होता. मी घरात येण्याआधी तीन वर्षं त्या गेल्या. त्या होत्या तोवर दर रविवारी त्या करायच्या, त्या गेल्यावर मामंजी करायला लागले. पहाटे उठून शेपू निवडायचे, धुवायचे, बारीक चिरायचे. रंग तळ्यातल्या शेवाळाचा. गुळाने कधी दूध फाटायचं, तेव्हा तर बघायलाच नको. घरात सासूबाईंचं एक प्रशस्तिपत्र चौकट करून लावलेलं होतं : महिला मंडळ पाककला स्पर्धा, गोड पदार्थ, पहिला क्रमांक. गोड पदार्थांत त्या वर्षी एकच बाई उतरली होती, हे वन्संनी मला नंतर सांगितलं.

रविवारी मामंजी वाट्या भरून आमच्यासमोर ठेवायचे आणि तोंडाकडे बघत उभे राहायचे. ज्याने त्याने आपापली युक्ती काढली होती. हे श्वास कोंडून एका घोटात वाटी रिकामी करायचे आणि वर "अजून आहे का?" विचारायचे, कारण लहानपणापासून तसंच विचारत आले होते. वन्सं दर रविवारी डबा घेऊन यायच्या, "आमच्या घरी फार आवडते" म्हणायच्या आणि नेऊन म्हशीला घालायच्या. मी नवी असल्यामुळे मला परसदार वापरावं लागे. तिथली पपई माझ्या पहिल्याच वर्षात वाळली.

मामंजी चहा संपवून उठले. "वीस लिटर दूध सांगितलंय. शेपूच्या चाळीस जुड्या उद्या दुपारी येतील. सुमित्राची खीर गावाने अजून खाल्लीच नाही. एकदा खाऊ दे. तिचं नाव निघेल."

ते बाहेर पडले आणि यांनी सायकल काढून वन्संना बोलावून आणलं.

"वीस लिटर?" वन्सं खाली बसल्या. "मुरल्या, अरं गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हाईल का आप्पांना? लोकं जल्माचं नाव ठेवतील. शेपूआप्पा म्हणतील!"

"म्हणून तर बोलावलं तुला. तू सांग त्यांना. मोठी आहेस."

"मी? मी मागल्या साली त्यांच्याकडनं कृती लिहून घेतलीया. सासूबाईंना हवी म्हणून सांगून. आता कुठल्या तोंडानं सांगू? तूच सांग, ल्योक हाईस."

"मी वीस वर्षं दुसरी वाटी मागतोय, आक्का."

 मग दोघांनी सावकाश माझ्याकडे बघितलं.

"शशी," हे म्हणाले, "तू दोनच वर्षं खोटं बोलली आहेस."

"अहो, म्हणून काय मी?"

"तुझी एक सही राह्यलीया न्हवं?" वन्संनी माझी वही उचललीच. "बघ, आजची धरून सहा. सातवी उद्याची. हितं काय लिवलंय? ज्याची वस्तू, त्याच्याच तोंडावर. देवानंच मांडून ठेवलंय बघ. आणि मराठीत म्हनलं तर लागतं गं माणसाला. इंग्रजीत तेवढं लागत न्हाई."

"त्यांना इंग्रजी कळतं, वन्सं."

"कळू दे की. कळंल, पर लागणार न्हाई."

मी रडकुंडीला आले. ज्यांनी मला हात धरून वर्गात पोहोचवलं, त्यांच्याच तोंडावर हा शब्द मारायचा? मी स्पष्ट नाही म्हणाले. पण रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर वाचनालयाचं पटांगण येत राहिलं. शंभर माणसं वाट्या हातात धरून एकमेकांकडे बघताहेत, कोणी रुमालात थुंकतंय, पोरं नाक दाबून पळताहेत, आणि मामंजी मध्ये उभे राहून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघताहेत. आम्ही घरातले होतो म्हणून खोटं बोललो. गाव कशाला बोलेल? मन दुखवायचं नाही म्हणून मी गप्प बसणार, आणि तेच मन गाव चव्हाट्यावर दुखवणार. सकाळी उठले तेव्हा माझं ठरलं होतं.

रविवारी दुपारी वन्सं आल्या. त्या दिवशी डबा आणला नव्हता. मामंजींनी संध्याकाळच्या आधी नमुना म्हणून एक पातेलं केलं होतं. त्यांनी तीन वाट्या भरल्या, वर वेलची घातली आणि नेहमीसारखे उभे राहिले.

"बघा बरं. गूळ जरा वाढवलाय. गावासाठी करायची म्हणजे कसं व्यवस्थित हवं."

यांनी श्वास कोंडला, वाटी रिकामी केली आणि सवयीने म्हणाले, "झकास. अजून..." वन्संनी त्यांना खालून चिमटा काढला.

"आईचाच हात," वन्सं म्हणाल्या आणि म्हणता म्हणता स्वतःच जीभ चावली.

मामंजी माझ्याकडे वळले. "आणि सूनबाई?"

मी चमचा तोंडात घातला. पहिल्यांदाच खरी चव घेऊन खाल्ली. अंग शहारलं. सरांची व्याख्या पटली. मी वाटी खाली ठेवली, उभी राहिले आणि खांबाकडे बघत म्हणाले, "मामंजी, धिस खीर इज नॅस्टी."

मामंजींनी हातातली पळी पातेल्यात ठेवली. 

"वाक्य पुन्हा म्हण," मामंजी म्हणाले.

"धिस खीर..." मला रडूच फुटलं. मग इंग्रजी बाजूला राहिलं. "मामंजी, मला माफ करा, पण ती खाववत नाही हो. वासाला नाही, चवीला नाही, गिळतानासुद्धा नाही. दोन वर्षं मी परसात ओततेय. पपई वाळली ती माझ्यामुळे. आम्ही घरातले आहोत, आम्ही खाऊ जन्मभर. पण गावाला नका देऊ. लोक हसतील तुम्हाला. ते मला बघवणार नाही."

मामंजींनी यांच्याकडे पाहिलं. "मुरल्या?"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "मला पण नाही आवडत, आप्पा."

"वीस वर्षं दुसरी वाटी मागतोस की रे!"

"पहिली आवडली असं दिसावं म्हणून."

"प्रमिला? तुझ्या घरी तर सगळ्यांना..."

"म्हशीला घालते, आप्पा," वन्सं अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "चैतापास्नं तीबी खाईना."

मामंजी मटकन पाटावर बसले. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. त्यांनी माझीच वाटी जवळ ओढली. तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की गेल्या दोन वर्षांत मी त्यांना ही खीर खाताना पाहिलंच नव्हतं. "तुम्ही खा, माझं मागाहून," असं म्हणून ते नेहमी वाढायलाच उभे असत. आता त्यांनी एक चमचा तोंडात घातला. त्यांचे डोळे घट्ट मिटले, मान आपोआप डावीकडे वळली, खांदे वर आले. घोट खाली उतरायला बराच वेळ लागला.

"अरे देवा," ते म्हणाले, "अजून तशीच लागते."

"अजून तशीच?" वन्संनी विचारलं.

"सव्वीस वर्षं खाल्ली मी ही," मामंजी म्हणाले. "सव्वीस वर्षं, दर रविवारी. ती गेल्यावर म्हटलं, सुटलो. पण तुम्ही दोघं वाट्या अशा चाटूनपुसून ठेवायचात! मला वाटलं, पोरांचा जीव आहे आईच्या खिरीवर. म्हणून करत राहिलो. मला काय हौस आहे पहाटे पाचला शेपू निवडायची? हाताचा वास सोमवारपर्यंत जात नाही."

"आम्ही खायचो ते तुम्ही खायचात म्हणून!" हे ओरडलेच. "तुम्ही आईला म्हणायचात, झकास!"

"म्हणणारच. तू काय म्हणाला असतास?" मामंजींनी वाटी खाली ठेवली. "लग्न होऊन पाच दिवस झाले होते. सतरा वर्षांची पोरगी, कधी चुलीपुढे बसलेली नाही. घरात माझ्या आईने तिला म्हटलं, काहीतरी गोड कर. घरात होतं दूध, गूळ आणि शेपू. तिने जे होतं ते एकत्र केलं. वाटी माझ्यासमोर ठेवली तेव्हा तिचा हात असा लटलट कापत होता. मी म्हणालो, झकास. आणखी काय म्हणायचं? मग पुढच्या रविवारी पुन्हा आली. एकदा म्हणून बसलो, ते मागे घ्यायला तोंडच झालं नाही. नंतर ते महिला मंडळाचं बक्षीस आलं. त्या दिवशी मला कळलं, आता सुटका नाही."

वन्संनी पदराने डोळे पुसले. हसून आलं होतं की रडून, ते त्यांनाही कळत नव्हतं. "आन आई? तिला तरी आवडायची का?"

"ती कुठे खायची!" मामंजी म्हणाले. "म्हणायची, मला नको, तुम्हाला पुरू दे."

आधी यांना हसू फुटलं, मग वन्संना. वन्सं तर भिंतीला टेकून पाय पसरून हसल्या. मी रडत होते आणि तशीच हसायला लागले. मामंजी मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्यापुढे हात केला. "वही आण."

मी वही दिली. त्यांनी चष्मा लावला, वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं, पोस्टातल्यासारखी तारीख आणि वेळ घातली, आणि खाली वळणदार सही केली : के. बी. गुरसाळे. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "इतक्या वर्षांत या घरात पहिलं खरं वाक्य तू बोललीस, सूनबाई. आता डोळे पूस आणि त्या वीस लिटर दुधाचं काय करायचं ते बघ."

दुधाची बासुंदी झाली. शेपूच्या चाळीस जुड्या वन्संनी गल्लीत घरोघर वाटून टाकल्या, त्यामुळे पुढचे चार दिवस सगळ्या गल्लीला वास येत होता. दिवेलागणीच्या आधी हे आणि काळगे बासुंदीचं पातेलं हातगाडीवर ठेवून वाचनालयाकडे निघाले. मी नवं लुगडं नेसून तयार झाले, वही घेतली आणि मामंजींना हाक मारली. उत्तर आलं नाही. ओट्यावर नव्हते, माजघरात नव्हते.

ते परसदारी पायरीवर बसले होते. मांडीवर नमुन्याचं पातेलं, हातात वाटी. उरलेली खीर त्यांनी वाटीत काढून घेतली होती.

"अहो मामंजी, ओतून टाका ना ती. आता कशाला खाताय?"

"टाकतो. एवढी शेवटची वाटी."

त्यांनी चमचा भरला, तोंडात घातला. तसेच डोळे मिटले, तशीच मान वळली. घोट गिळून झाल्यावर त्यांनी समोर बघितलं. समोर कोणी नव्हतं, नुसतं अंगण. पण ते बोलले ते अगदी कोणी जवळ बसल्यासारखं, दबक्या आवाजात, भीतभीत.

"सुमित्रा, युअर खीर इज नॅस्टी."

मग ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं.

"वाक्य बरोबर आहे ना, सूनबाई?"

"बरोबर आहे, मामंजी."

"तिला इंग्रजी येत नव्हतं," ते म्हणाले, "म्हणून धीर झाला."

आणि त्यांनी बोटाने निपटून वाटी रिकामी केली.